गव्हातली मीटरभर वाट

'इंग्लंडात आहेस तर अंकासाठी तिकडचं काहीतरी लिहून पाठव' असा निरोप आला, तेव्हा मी लंडनबद्दल लिहिणार होतो. पण लंडन आता आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं, निदान फेसबुकवर तरी. म्हणून त्याऐवजी बाबांबरोबर केलेल्या दोन शनिवारच्या पायपिटीबद्दल लिहितो. जागा आहे कॉट्सवोल्ड्स. लंडनच्या पश्चिमेला, ऑक्सफर्डच्या पलीकडे पसरलेल्या बसक्या टेकड्या आणि त्यांच्या कुशीत मधाच्या रंगाच्या दगडांची लहान लहान गावं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी ग्वाल्हेरचा, लष्करातला. बी. ई. झालो, नोकरीला लागलो आणि सहा वर्षांपूर्वी कंपनीने रेडिंगला पाठवलं. दीड वर्षापूर्वी आई गेली. त्यानंतर बाबा लष्करातल्या घरी एकटेच. खूप आग्रह केल्यावर ते मे महिन्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले आणि दहाव्या दिवशी परतीचं तिकीट अलीकडचं मिळेल का, अशी चौकशी करू लागले. त्यांचं चुकत नव्हतं. आम्ही दोघंही लॅपटॉपसमोर, मुलगी शाळेत. बाबा खिडकीशी बसून रस्त्यावरच्या मोटारी मोजायचे. चार वाजता चहा व्हायचा आणि सहा वाजता तिकिटाचा विषय निघायचा.

एके दिवशी मी मीटिंग संपवून खाली आलो, तर जेवणाच्या टेबलावर एक मोठा नकाशा पसरलेला आणि बाबा चष्मा कपाळावर सरकवून त्यावर ओणवे झालेले. ऑर्डनन्स सर्व्हेचा कॉट्सवोल्ड्सचा नकाशा. मीच कधीतरी हौसेने घेतला होता आणि घडी न उलगडता ठेवून दिला होता. बाबांची सगळी नोकरी मध्य प्रदेशच्या महसूल खात्यात गेली. ट्रेसर म्हणून लागले आणि ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. गावोगावचे पटवारी-नकाशे उतरवून काढणं, नकला देणं, जीर्ण झालेले नकाशे पुन्हा आखणं हे त्यांचं काम.

"एकास पंचवीस हजार," ते वर न पाहताच म्हणाले. "चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. काम स्वच्छ आहे. पण या हिरव्या तुटक रेघा कसल्या? शेताच्या मधून गेल्यात सगळीकडे."

मी म्हटलं, "पायवाटा आहेत बाबा. लोकांना चालायला."

"कुणाच्या शेतातून?"

"कुणाच्याही."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्या संध्याकाळी तिकिटाचा विषय निघाला नाही.

पहिला शनिवार : नबाबाच्या बागेतून

रेडिंगहून मोर्टन-इन-मार्शला थेट गाडी जाते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. लंडनहून येणाऱ्यांनी पॅडिंग्टनला बसावं, दीड-एक तासाचा प्रवास आहे. मोर्टनच्या स्टेशनवर उतरायचं, रुंद बाजाररस्ता ओलांडायचा आणि दहा मिनिटांत आपण शेतात असतो. आम्ही पायवाटांनी बोर्टन-ऑन-द-हिल गाठलं. जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर, पण आम्हाला दीड तास लागला, कारण बाबा प्रत्येक फाटकापाशी थांबत होते.

फाटकांचे प्रकार सांगायलाच हवेत. कुंपणाला दोन-तीन लाकडी पायऱ्या ठोकलेल्या असतात, त्या चढून पलीकडे उतरायचं, त्याला म्हणतात 'स्टाइल'. माणूस सहज ओलांडतो, मेंढी अडकते. दुसरा प्रकार म्हणजे एका लहानशा वेढ्यात झुलणारं फाटक. आपण आत शिरायचं, फाटक मागे ढकलायचं, मग दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचं. एका वेळी एकच माणूस जातो आणि गुरं कधीच जाऊ शकत नाहीत. याचं नाव 'किसिंग गेट'. बाबांनी नाव विचारलं, मी सांगितलं आणि पुढचे पाच मिनिटं आम्ही दोघंही हवामानाबद्दल बोललो.

शेतांच्या कडेला चुना-सिमेंट न वापरता नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती आहेत. कोकण-गोव्याकडच्या वाचकांना गडगा म्हटलं की लगेच कळेल. इथला दगड मात्र जांभा नाही. पिवळसर चुनखडी आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली. घरं, चर्च, भिंती सगळं त्याच दगडाचं, म्हणून गाव जमिनीतूनच वर आल्यासारखं दिसतं.

बोर्टनच्या पुढे वाट एका मोठ्या खासगी इस्टेटीत शिरते. तिचं नाव सेझिनकोट. फाटकाशी बाबा थांबले ते थांबलेच.

"हे कुणाचं तरी घर आहे. आपण परत फिरू."

मी फाटकाच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे हाताच्या पंजापेक्षा लहान अशी गोल चकती होती आणि तिच्यावर पिवळा बाण. पिवळा म्हणजे फक्त पायी जाणाऱ्यांची वाट. निळा असेल तर घोडा आणि सायकलही चालते. बाबांनी खिशातला नकाशा काढला, हिरवी रेघ शोधली, बाण त्याच दिशेने आहे ना ते पाहिलं आणि मगच फाटक उघडलं. आत गेल्यावर ते मागे नीट लावलं. तो इथला पहिला नियम: उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा.

पार्कमधल्या जुन्या ओक वृक्षांच्या आडून घुमट दिसला. हिरवट पडलेला तांब्याचा, कांद्याच्या आकाराचा, थेट मोगली घुमट! ईस्ट इंडिया कंपनीत बंगालमध्ये पैसा कमावून आलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, १८०५ च्या सुमारास हे घर बांधायला घेतलं. पुढे राजपुत्राने ते पाहिलं आणि ब्रायटनच्या प्रसिद्ध पॅव्हिलियनमागेही या घराची प्रेरणा होती असं मानतात. याच वास्तुविशारदाने इथून थोड्याच मैलांवर डेल्सफर्डला आणखी एक घर बांधलं, ते वॉरन हेस्टिंग्जचं. ग्वाल्हेरकरांना हे नाव सांगायला नको. हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल असताना, १७८० मध्ये, कंपनीच्या फौजेने आपला किल्ला घेतला. १७८२ चा सालबाईचा तह त्याच्याच कारकिर्दीतला, आणि सालबाई आपल्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावर. त्या तहाला मध्यस्थी महादजी शिंद्यांची. हेस्टिंग्ज १८१८ मध्ये वारला, डेल्सफर्डच्याच चर्चपाशी त्याचं दफन आहे.

बाबा बराच वेळ घुमटाकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "पैसा तिकडून आला. म्हणजे या वाटेवर आपला थोडा हक्क आहेच." आणि त्या दिवसात पहिल्यांदा ते माझ्या पुढे चालू लागले.

रेघ कुठून आली

आठवडाभर बाबा मला प्रश्न विचारत होते आणि मी रात्री वाचून सकाळी उत्तरं देत होतो. थोडक्यात हकिकत अशी.

या वाटा कुणी पर्यटकांसाठी आखलेल्या नाहीत. गावातून चर्चला, शेतातून गिरणीला, एका वाडीतून दुसऱ्या वाडीला लोक जायचे त्या ह्या वाटा. पुढे जमिनी कुंपणात गेल्या, मोठ्या जमीनदारांनी डोंगर-माळ शिकारीसाठी राखून ठेवले. कारखान्यांच्या शहरांतल्या कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत चालायला जागा उरली नाही. २४ एप्रिल १९३२ रोजी डर्बीशायरमधल्या किंडर स्काउट या पठारावर काही शे तरुण मुद्दाम मनाईच्या जागेत चालत गेले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन फक्त वीस वर्षांचा होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. चालल्याबद्दल तुरुंग, हे लोकांच्या मनाला लागलं.

युद्धानंतर १९४९ मध्ये कायदा झाला आणि त्यात जिल्हा-जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायची सक्ती आली. त्या नकाशात वाट आली की तो तिच्या हक्काचा निर्णायक पुरावा. जमीन शेतकऱ्याचीच राहते, पीकही त्याचंच, पण त्या रेघेवरून चालण्याचा हक्क सगळ्यांचा. एखादी वाट लोकांनी सलग वीस वर्षं, उघडपणे आणि अडथळ्याशिवाय वापरली असेल, तर ती सार्वजनिक मानण्याची तरतूदही आहे. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांचं जाळं सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचं आहे.

बाबा म्हणाले, "यात नवल काय? आपल्याकडेही आहे. एकोणसाठची भू-राजस्व संहिता. कलम एकशे एकतीस, वाटेचा तंटा तहसीलदाराने सोडवायचा. आणि गावाचं वाजिब-उल-अर्ज काढून बघ, वहिवाटीच्या वाटा त्यात लिहायच्या असतात."

कलमाचा आकडा तोंडपाठ! मी गप्प बसलो. पण ते वाक्य बोलून झाल्यावर बाबाही बराच वेळ गप्प होते.

दुसरा शनिवार : कॅम्पडन ते ब्रॉडवे

या खेपेला मोर्टनहून बसने चिपिंग कॅम्पडनला गेलो. (बसच्या वेळा आदल्या दिवशी बघा, रविवारी तर भरवसाच धरू नका.) इथून बाथपर्यंत 'कॉट्सवोल्ड वे' ही १६४ किलोमीटरची राष्ट्रीय पायवाट जाते. आम्ही त्यातला पहिला तुकडा, ब्रॉडवेपर्यंतचा, केला. साधारण दहा किलोमीटर. साठी उलटलेल्या, गुडघे बरे असलेल्या माणसाला चार-पाच तासांत आरामात जमतो. वाटेवर बाणासोबत ओकच्या फळाचं चिन्ह असतं, ते दिसत राहिलं की आपण बरोबर आहोत.

कॅम्पडन हे लोकरीच्या व्यापारावर मोठं झालेलं गाव. मुख्य रस्त्यावर १६२७ मध्ये बांधलेला दगडी बाजारमंडप अजून उभा आहे. कमानींखालची फरसबंदी इतकी झिजलेली की पाऊल जपून टाकावं लागतं. गावातून वर चढलं की अर्ध्या तासात डोव्हर्स हिल. इथे सतराव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट डोव्हरने खेळांची जत्रा सुरू केली, ती आजही भरते. त्यात एकमेकांच्या नडग्यांवर लाथा मारण्याची स्पर्धा असते. बाबांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पण त्यांना आवडली ती दुसरी गोष्ट. १९२० च्या दशकात ही टेकडी विकायला निघाली आणि तिथे हॉटेल होणार अशी चिन्हं दिसू लागली. तेव्हा कॅम्पडनमध्ये राहणाऱ्या एफ. एल. ग्रिग्ज या चित्रकाराने पुढाकार घेऊन ती विकत घेतली. पुढे ती नॅशनल ट्रस्टकडे गेली आणि सगळ्यांसाठी मोकळी राहिली. ग्रिग्ज एचिंग करायचा, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर बारीक रेघांचं काम. "रेघा ओढणारा माणूस होता तर," बाबा म्हणाले.

टेकडीवरून पुढे माईल ड्राइव्ह नावाचा गवताचा रुंद पट्टा लागतो. तिथे एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टरवरून येताना दिसला. बाबांनी माझा दंड धरला. त्याने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन बंद केलं आणि सांगितलं, पुढच्या कुरणात गायी वासरं घेऊन आहेत, मधून जाऊ नका, कडेकडेने जा. एवढंच. बाबांनी त्याला अगदी कचेरीतल्यासारखं "थँक यू व्हेरी मच, सर" म्हटलं. गायींची ही सूचना तुम्हीही लक्षात ठेवा. वासरं असलेल्या गायी इथे माणसाच्या अंगावर धावून जातात, कुत्रा बरोबर असेल तर नक्कीच.

आणि मग ते शेत आलं.

गहू मांडीपर्यंत वाढलेला, ओंब्या नुकत्या बाहेर आलेल्या. फाटकापासून पलीकडच्या कुंपणापर्यंत, पिकाच्या मधोमध, एक सरळ पट्टा मोकळा होता. कुणी तुडवून केलेला नव्हता. त्यावर पीक उभंच राहू दिलं नव्हतं. नियम असा आहे की शेताच्या मधून जाणारी पायवाट नांगरली, तरी शेतकऱ्याने ती चौदा दिवसांत पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची आणि किमान एक मीटर रुंद ठेवायची.

बाबा वाटेच्या तोंडाशी उभे राहिले. मग खाली बसले, आणि एका बाजूच्या ताटापासून दुसऱ्या बाजूच्या ताटापर्यंत त्यांनी वितीने मोजलं. साडेपाच विती. "मीटरभर आहे. वरच आहे थोडी," ते म्हणाले. उठले नाहीत. मला वाटलं गुडघा धरला. मी हात दिला तर म्हणाले, "बस जरा."

आम्ही दोघं गव्हात बसलो आणि बाबांनी मला एक हकिकत सांगितली. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. ते बाहेरगावी बदलीवर होते. कचेरीत एक बाई आल्या, खेड्यातून चालत. त्यांच्या शेताकडे जाणारी वाट शेजाऱ्याने नांगरून टाकली होती. त्यांना नकाशाची नक्कल हवी होती. बाबांनी मूळ नकाशा काढला, वाट त्यात स्पष्ट होती. दोन तुटक समांतर रेघा. त्यांनी नक्कल करून दिली. बाईंनी त्या रेघेवर बोट ठेवून विचारलं, "नक्शे में है न, बाबूजी?" बाबा म्हणाले, "है. तहसीलदार साहब को अर्ज़ी दो."

दोन वर्षांनी त्या पुन्हा आल्या. पहिली नक्कल घड्या घालून घालून फाटली होती. दुसरी हवी होती. वाट अजून बंदच होती. शेजारी मोठा माणूस, तारखा पडत होत्या. बाबांनी दुसरी नक्कल करून दिली, फी स्वतः भरली. त्यानंतर बाई आल्या नाहीत.

"मला त्या गावाचा खसरा क्रमांकासकट सगळं आठवतं," बाबा म्हणाले. "पण मी एकदाही तिथे गेलो नाही रे. वीस किलोमीटर होतं. सायकलने गेलो असतो. मी रेघ बरोबर काढली, माझं काम झालं, असं मला वाटलं. चौतीस वर्षं मी बरोबर रेघा काढल्या."

मी काय बोलणार? आमच्या धंद्यातही असंच असतं. कोड बरोबर असतो, टेस्ट पास होते आणि फोनच्या पलीकडच्या माणसाचं काम मात्र अडलेलंच असतं. पण हे बोललो नाही. आम्ही उठलो आणि एकामागे एक, गव्हाला धक्का न लावता, पलीकडे गेलो. मागून एक जोडपं दोन लहान मुलांना घेऊन येत होतं. ते पुढे निघून गेले. पाय पडत राहतात, म्हणून वाटही राहते.

पुढचा रस्ता सुखाचा आहे. ३१२ मीटर उंचीच्या टेकडीवर ब्रॉडवे टॉवर आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीस एका अर्लने हौसेखातर बांधलेला. सुमारे वीस मीटर उंच, किल्ल्याच्या बुरुजासारखा, पण ज्याने लढाई कधी पाहिली नाही असा. हवा स्वच्छ असेल तर वेल्सचे डोंगर दिसतात. तिथे बाबांनी लॅम्बटनची आठवण काढली. १८०२ मध्ये मद्रासहून हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा हा इंग्रज काम करता करता १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. "त्याने त्याची मोजणी मोजत जाऊन केली," बाबा म्हणाले. बाकी काही नाही. मग उतार, मेंढ्या, आणि खाली ब्रॉडवे गावात चहा, स्कोन आणि जॅम. शाकाहारी माणसाची इथे अडचण होत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा काही स्वर्ग नाही. ही सुंदर घरं आता इतकी महाग आहेत की गावातल्या तरुणांना ती परवडत नाहीत, बऱ्याच घरांना शहरातले मालक आहेत. काही वाटा इथेही काटेरी तारेने अडवलेल्या आम्ही पाहिल्या. फरक एवढाच की अशी वाट दिसली की कुणीतरी फोटो काढून कौन्सिलला कळवतं, आणि पुन्हा कळवतं. जायचं असेल तर मे-जून उत्तम. पावसाळी बूट आणि एक जाडजूड मोज्यांचा जोड जास्तीचा घ्या. चिखल असतोच.

बाबा पूर्ण तीन महिने राहिले. परत गेल्यावर एका रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आपल्या राज्यातले गावांचे नकाशे आता ऑनलाइन दिसतात, ते कसे उघडायचे हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. त्यांनी त्या गावाचं नाव सांगितलं, खसरा क्रमांक सांगितला. मी नकाशा काढला आणि उपग्रहाच्या चित्रावर बसवून दोन्ही एकदम त्यांच्या स्क्रीनवर दाखवले. नकाशात दोन तुटक रेघा होत्या. खालच्या चित्रात बांधापासून बांधापर्यंत नांगरलेलं शेत होतं.

बाबा बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "दिवाळीला येतोयस ना?"

"हो बाबा."

"मग बूट घेऊन ये, ते चिखलाचे. एक दिवस माझ्यासाठी मोकळा ठेव. वीस किलोमीटर आहे, गाडीने जाऊ. शेवटचं चालावं लागेल."